सहा दिवसांचा लेक

पुंडलिकनगरात कुणाच्या घरी पाळणा हलला की पहिला फोन माहेरी किंवा सासरी जातो आणि दुसरा भामाबाईला. "मावशी, मुलगी झाली, सोमवारी घरी आणतोय, तुम्ही याल ना?" मग मावशी विचारतात, टाके किती, बाळाचं वजन किती, पाणी तापवायची सोय काय. गिझरच्या कोमट पाण्यानं बाळंतीण न्हात नसते, हे त्या आधीच सांगून टाकतात. पटलं तर बोलवा, नाय तर मी ही चालले. आता भामाबाईला कुणी जाऊ देत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाई ठेंगणी, पण मनगटं गड्यासारखी. वय छप्पन्न. पहाटे उठून, पदर खोचून, एका पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली आणि धुरीचा ओवा घेऊन ती निघते ती दुपारपर्यंत चार घरं उरकते. पुंडलिकनगर, गारखेडा, हातात एखादं लांबचं घर असलं तर थेट पडेगाव. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू नडग्यांवर आडवं घालायचं आणि कामाला लागायचं. आजूबाजूला आज्या जमतातच. नाक असं ओढा, डोकं असं दाबा. "तुम्हीच या मग पाटावर," असं भामाबाई म्हणाली की आज्या गप्प होतात. तोंडानं फटकळ, पण तिच्या हातात लेकरू रडायचं थांबतं, हे बघितल्यावर कोण काय बोलणार?

तिची एक खोड मात्र साऱ्या गल्लीला ठाऊक होती. पहिले सहा दिवस ती बाळाला चोळायची नाही. नुसतं पाणी, नुसता मऊ पंचा. तेल लावलंच तर बोटाच्या टोकानं. आणि रोज आधी डोक्यावरून सगळीकडं हळूच तळहात फिरवून बघायची. "सहा दिवस झाल्याबिगर माझा हात लागत नाय," एवढंच म्हणायची. लोक म्हणायचे, जुनी पद्धत असेल. काही घरांत तर त्याचं कौतुकही होतं. कारण कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

नवरा, सांडू, एसटीच्या वर्कशॉपात फिटर होता. आठ वर्षांपूर्वी तो गेला. एकच पोरगी, तनुजा. डिप्लोमा करून ती वाळूजच्या कंपनीत लागली आणि तिथंच शिवराज नावाच्या शहाण्यासुरत्या पोराशी तिचं जमलं. भामाबाईनं आठ दिवस तोंड फुगवलं, नवव्या दिवशी पुरणपोळी केली. लग्न झालं, आणि पुढं कंपनीनं शिवराजला जर्मनीला धाडलं. गावाचं नाव भामाबाईला आजही नीट घेता येत नाही. "तनूच्या तिकडं" म्हणते, काम भागतं.

तनुजाला दिवस गेले तेव्हा भामाबाईनं एकच गोष्ट धरून ठेवली. पहिलं बाळंतपण माहेरी. साऱ्या शहराची बाळं मी न्हाऊ घालते आणि माझ्या पोरीचं बाळ दुसरी बाई न्हाऊ घालणार व्हय? पण विमा तिकडचा, डॉक्टर तिकडचे, आणि तनुजाला प्रवासाची भीती. "मग मी येते," भामाबाई म्हणाली. पासपोर्ट निघाला. व्हिसासाठी मुंबईची तारीख मिळाली ती बाळाच्या तारखेनंतर तीन आठवड्यांची. भामाबाईनं त्या तारखेला मनापासून शिव्या घातल्या आणि डिंकाचे लाडू करून एका ओळखीच्या पोराबरोबर पाठवून दिले.

आठवा महिना संपत आला तशी तनुजा एकदा म्हणाली, "आई, शनिवारी इथलं हॉस्पिटल दाखवणार आहेत. बाळंतिणींचा वॉर्ड. आधी सगळं दाखवतात, मग नाव नोंदवायचं. तू फोनवर ये आमच्याबरोबर."

"दाखवणार म्हणजे? दवाखाना काय वेरूळ-अजिंठा हाय का बघायला?"

"ये तर खरी."

शनिवारी दुपारी पिठाच्या डब्याला फोन टेकवून भामाबाई समोर बसली. केस विंचरले होते, चांगलं लुगडं नेसली होती. न जाणो कुणी बघितलं तर. फोनमध्ये लांबलचक, चकाचक बोळ दिसला. पुढं पांढऱ्या केसांची एक सुईण आणि मागं आठ-दहा जोडपी. बायका पोट धरून, नवरे पिशव्या धरून. एकही सासू नाही, एकही आई नाही. भामाबाईला ते बघूनच कसंसं झालं.

"लई शांत हाय गं. कुणी वरडत कसं नाय?"

"दारं जाड आहेत, आई."

मग खोली दाखवली. भिंती फिकट पिवळ्या, खिडकीत झाड. एका कोपऱ्यात मोठा टब. कळा सोसायला बाईनं त्यात बसायचं म्हणे. छताला एक जाड कापडी दोर लोंबत होता. "त्याला धरून उभं राहायचं," तनुजानं सांगितलं.

"त्यात काय नवल? आमच्याकडं आढ्याला दोर बांधायचे. तेवढ्यासाठी जर्मनीला कशाला जायचं?"

तनुजा हसली. तिकडं शिवराज एका मोठ्या रबरी चेंडूवर बसून बघत होता, तो घसरला आणि साऱ्यांसमोर आडवा झाला. भामाबाईनं डोळ्यांना पदर लावून हसून घेतलं. जावयाला हसायचं नसतं, पण काय करणार? मग तनुजानं त्या सुईणीला काहीतरी सांगितलं आणि ती पांढऱ्या केसांची बाई थेट फोनमध्ये डोकावली. हात हलवला.

"आई, मी सांगितलं, माझी आई इंडियात बाळांना अंघोळ घालते. ती विचारतेय, किती वर्षं?"

"सांग, तू लहान होतीस तवापासून. आणि सांग, पाय लांब करून घालते, टबाबिबात नाय."

सुईणीनं ते ऐकून मान डोलावली, छातीवर हात ठेवला. एका कारागिरानं दुसऱ्याला ओळखावं तसं. भामाबाईला इतकं बरं वाटलं की काय सांगावं. चला, पोरगी चांगल्या हातात आहे.

आणि मग तो कागद आला. नाव नोंदवायचा फॉर्म. तनुजा एका खुर्चीवर बसली, शिवराज वाचू लागला, मधूनमधून ती आईला विचारू लागली. साखर आहे का, बीपी आहे का.

"आई, आपल्यात कुणाला लागलं तर रक्त थांबत नाही, असं आहे का? ही बाई म्हणतेय, आईकडचं जास्त महत्त्वाचं. आणि तुझ्या बाळंतपणांत काही झालं होतं का?"

भामाबाईच्या हातातला पदर तसाच राहिला.

"आई? आवाज येतोय ना?"

"येतो की."

"काही झालं होतं का?"

"माझं एकच बाळंतपण," भामाबाई म्हणाली. "तूच. आणि तू सुखरूप झालीस. लिही, कायच नाय."

तिकडं शिवराजनं खूण केली. सुईणीनं पुन्हा हात हलवला. फोन बंद झाला, आणि भामाबाई चांगल्या लुगड्यात पिठाच्या डब्यासमोर कितीतरी वेळ बसून राहिली.

खोटं होतं ते. आता सांगूनच टाकतो, कारण भामाबाईनं ते चौतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

तनुजाच्या आधी तिला एक लेक झाला होता. फर्दापूरच्या पुढं एका खेड्यात तिचं सासर. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी करायला कुणी नव्हतं; ते सासूनं केलं. सासू सरूबाई, पंचक्रोशीतली नावाजलेली दाई. डोकं अडलं, दोन रात्री कळा सोसल्या, शेवटी सरूबाईनं ओढून काढला. पोरगा दणदणीत. तिसऱ्या दिवसापासून सरूबाई त्याला तेल लावून चोळायला लागली, डोकं गोल व्हावं म्हणून दाबायला लागली, जसं ती साऱ्यांच्या लेकरांना करायची. त्याच्या डोक्यावरचं टेंगूळ उतरायच्या ऐवजी वाढत गेलं. मांडीवर निळे डाग उठले. नाळेच्या जागी कापूस ठेवला की तो लाल व्हायचा, बदलला की पुन्हा लाल. पाचवीच्या पूजेला ते रडायचंही थांबलं होतं. सहाव्या दिवशी दुपारी गेलं.

सरूबाई काही वाईट बाई नव्हती. तिनं स्वतः लेकराला गुंडाळलं, स्वतः रडली. पण संध्याकाळी तिनं सुनेला जवळ बसवून सांगितलं, "आता याचं नाव काढायचं नाय. कुणाफुडंच नाय. पोटुशी बाईफुडं मेलेल्या लेकराची गोष्ट काढली की ते तिच्या पोटाची वाट धरतं आणि पुन्हा तसंच जातं. म्यां लई बघितलंय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि माझ्या हातचं गेलं, हे बी भायेर कळाय नको."

भामाबाईनं तेव्हा मान हलवली ती हलवलीच. तनुजा पोटात असताना ती त्या पोराची साधी आठवणही मनात येऊ द्यायची नाही; आली की मोठ्यानं काहीतरी बोलायची. सांडूनंही कधी विषय काढला नाही. पुढं शहरात आली, सरूबाईकडून शिकलेलं न्हाऊमाखू घालायचं काम हातात घेतलं, आणि मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. जिचं स्वतःचं पहिलं लेकरू चोळता चोळता गेलं, तिच्या मांडीवर कोण आपलं बाळ देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. मनातून तिला पक्कं वाटायचं की लेकरू गेलं ते हातानं गेलं. सासूच्या हातानं, आणि आपण बघत बसलो म्हणून आपल्याही. म्हणून ते सहा दिवस.

फॉर्मवर खोटं लिहायला लावलं त्याचं तिला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. रोग होता तो, हे तिला ठाऊकच नव्हतं. उलट पोरीला वाचवलं असंच वाटलं. आठव्या महिन्यात असलं काही कानावर घालतात का?

पाच दिवस असेच गेले. बेष्ट चाललं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

शेजारच्या तबस्सुमचं पोरगं चार महिन्यांचं. ते भामाबाईच्याच हाताखालचं. तबस्सुमचा नवरा रिझवान फरशांच्या दुकानात असतो, दिवसभर घरी कुणी नाही, म्हणून भामाबाई दुपारी जाऊन बसायची. गुरुवारी गेली तर तबस्सुमचं तोंड उतरलेलं.

"काय गं? सुन्नतीची तारीख ठरली ना?"

"नै मौसी, डाक्टर नै बोले. पैले खून की जाँच करो बोले."

"कशापायी?"

तबस्सुमनं सांगितलं. डॉक्टरनं विचारलं होतं, घराण्यात कुणाचं रक्त थांबत नाही असं आहे का. तिला आठवलं, तिच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, पोराचं सुन्नतीच्या वेळी रक्त थांबलं नव्हतं, चार दिवस दवाखान्यात होता. "तो डाक्टर बोले, ये बीमारी माँ की तरफ से आती. माँ कू कुछ नै होता, वो अच्छी भली रहती. लगती लडकोंकू. इसका भी देखना पडेगा."

भामाबाई बाळाला तेल लावत होती. तिचा हात थांबला.

"मायला कायच होत नाय?"

"कुछ नै."

"आणि... जन्मताच समजतं का?"

"कभी कभी. बोले, पैदा होते टैम खींचे, औजार लगाये, तो सर में खून उतरता. इंजेक्शन रहता अब उसका. पैले से मालूम रहा तो बच्चे कू कुछ नै होता बोले." तबस्सुम थांबली. "मौसी, तुमना क्या हुआ? बैठो. पानी देऊं?"

"नको," भामाबाई म्हणाली. लेकरू तिनं तबस्सुमच्या ओटीत दिलं, हात पुसले नाहीत, तशीच तेलकट हातांनी घरी आली.

निळे डाग. लाल कापूस. वाढत गेलेलं टेंगूळ.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती कुठल्याच घरी गेली नाही. आंग दुखतं म्हणून सांगितलं. फोन हातात घ्यायची, ठेवायची. सांगितलं तर? सरूबाईचं खरं निघालं तर? आपणच तोंडानं त्या मेलेल्या लेकराला पोरीच्या पोटाची वाट दाखवल्यासारखं. आणि नाही सांगितलं तर? तिकडं त्या पिवळ्या खोलीत डोकं अडलं, त्या भल्या सुईणीनं औजार लावलं, तर? इकडं आड, तिकडं विहीर. देवापुढं बसली, पण देवानं काही सांगितलं नाही. तो कधी सांगतो?

शनिवारी दुपारी बारा वाजता, तिकडं सकाळ झाली असेल असा हिशेब करून तिनं फोन लावला.

"तनू, बस. बसलीस का? मला तुला एक सांगायचंय. मधी बोलू नको, नाय तर मी थांबंल आणि पुन्हा बोलायची नाय."

आणि तिनं सांगितलं. डोळे मिटून, एका दमात.

मग तनुजा म्हणाली, "मला भाऊ होता?"

"व्हय."

"मला भाऊ होता, आणि मला एकतीस वर्षं माहीत नाही?"

"तनू..."

"मी तुला विचारलं होतं ना, आई? तिथं बसून. त्या बाईसमोर. तू म्हणालीस, एकच बाळंतपण. तू म्हणालीस, लिही, कायच नाय. माझ्या पोटात मुलगा आहे, आई! इथं आधीच सांगतात. आम्ही तुला नाही सांगितलं, झाल्यावरच सांगू म्हटलं."

मुलगा.

"मी तुझ्याच भल्यासाठी..." एवढं ती म्हणाली, आणि मग तिला स्वतःचीच शरम वाटली. तनुजानं फोन शिवराजकडं दिला.

शिवराज भला माणूस. त्यानं कागद-पेन घेतलं. "आई, तुम्ही घाबरू नका. मला पहिल्या दिवसापासून सगळं सांगा. काय काय झालं, कधी झालं. मी लिहून घेतो, आजच दवाखान्यात जातो."

आणि भामाबाईनं सांगितलं. पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय. डाग आधी उजव्या मांडीवर आला का डाव्या. कापूस किती वेळा बदलला. दूध कधी सोडलं. तिला वाटलं होतं आपण विसरलो; एकही गोष्ट विसरली नव्हती. शिवराज मधूनच "हं" म्हणायचा, लिहायचा. मग त्यानं विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला असं?"

"नाय. कुणाला नाय." आणि मग, "माझा भाऊ व्हता, नऊ वर्षांचा. दात पडला आणि..." दात पडला आणि रक्त थांबलं नाही आणि तो गेला. लोक म्हणाले, नजर लागली. भाऊ आणि लेक, दोन्ही गोष्टी तिनं आयुष्यभर वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. "शिवराजराव, त्यालाबी तेच व्हतं का हो?"

"बहुतेक, आई," शिवराज म्हणाला.

म्हणजे हातानं नव्हे. सरूबाईच्या हातानं नव्हे, तिच्या बघत बसण्यानं नव्हे. चोळलं म्हणून वाढलं असेल, पण मूळ तिच्याच रक्तात होतं. यात सुटका मानायची का शिक्षा, हे तिला कळेना. भाऊ गेला, लेक गेला, आणि आता रांगेत नातू.

त्या लहान दवाखान्यानं नाव काढून टाकलं. असं बाळंतपण आम्ही करत नाही, मोठ्या शहरात जा म्हणाले. टब नाही, दोर नाही, ती पांढऱ्या केसांची सुईणही नाही. शेवटच्या महिन्यात दोघांना दर आठवड्याला दोन तास गाडीनं जावं लागलं. हे सगळं भामाबाईला शिवराजच्या निरोपांवरून कळायचं. तनुजा बोलली नाही. एक आठवडा नाही, दोन नाही, तीन नाही. भामाबाई फोन करायची, घंटी वाजून वाजून बंद पडायची. मग शिवराजचा निरोप यायचा, 'ती झोपली आहे.' तिकडं भर दुपारी झोपली आहे. भामाबाई "बरं" म्हणायची. चुकीचं काय होतं त्यात? पोरीचा हक्कच होता तो.

ती पुन्हा घराघरांत जाऊ लागली. तबस्सुमच्या पोराची तपासणी चांगली आली, त्याची सुन्नत झाली, गल्लीत मिठाई वाटली. भामाबाईनं मिठाई खाल्ली, पोराला शंभर वर्षांचं आयुष्य मागितलं आणि घरी येऊन दार लावून बसली. तिच्या हातून या दिवसांत काम नीट होत नव्हतं. पाणी गार व्हायचं. एका आजीनं तसं बोलूनही दाखवलं आणि भामाबाईनं उलट उत्तर दिलं नाही. तेव्हा मात्र लोकांना खरंच वाटायला लागलं की बाईचं काहीतरी बिनसलंय.

मंगळवारी शिवराजचा निरोप आला. मुलगा झाला. औजार लावलं नाही, ऑपरेशन केलं. दोघं सुखरूप. रक्त तपासलं, भीती होती तेच निघालं, पण डॉक्टर तयारीत आहेत. खाली फोटो. भामाबाईनं फोटो बोटांनी मोठा केला, आधी डोकं बघितलं. गोल होतं. टेंगूळ नव्हतं.

तिनं पेढे आणले, वाटले. हसूनच वाटले. आशाबाई, समोरच्या घरातली, म्हणाली, "आज्जीबाई, आता जा जर्मनीला, नातवाला चोळून काढा." भामाबाई म्हणाली, "व्हय, व्हय." त्या लेकराला जन्मात चोळायचं नाही, हे शिवराजनं तिला आधीच कळवलं होतं.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. पडद्यावर तनुजाचं नाव.

"आई."

चार आठवड्यांनी ऐकलेला एक शब्द.

"आई, आज त्याच्या टाचेला सुई टोचली. इथं सगळ्याच बाळांना टोचतात, तपासायला. टोचलं आणि रक्त थांबेना. कापूस लावला, लाल झाला. दुसरा लावला, तो पण. मला तू सांगितलेलं सगळं आठवलं गं." तनुजा रडत होती.

"मग?"

"मग त्यांनी ते औषध दिलं. शिरेतून."

"मग?"

"मग थांबलं."

"किती येळ लागला थांबायला?"

"दहा मिनिटं असतील, आई. जास्त नाही. आता झोपलाय. माझ्या अंगावरच झोपलाय."

"दहा मिन्टं," भामाबाई म्हणाली.

"आई, तू सांगितलं नसतंस तर..."

"बरं झालं. लई बरं झालं बाळा. त्याला अंगावरून काढू नको. तू बी झोप. ठेव फोन." एवढं तिनं अगदी नीट, शांत आवाजात सांगितलं. फोन ठेवला. आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

तबस्सुम पोरगं कडेवर घेऊन धावत आली. आशाबाई हातातली कणीक तशीच घेऊन आली. बघतात तर भामाबाई जमिनीवर, केस सुटलेले, छाती बडवून घेतेय. शेजारी पडलेला फोन, जर्मनीत तीन दिवसांचं बाळ. आणखी काय समजायचं?

"मौसी! बच्चा कैसा है?"

"बाळ बरं हाय."

"तनुजा?"

"ती बी बरी हाय."

"अहो मग कोण?" आशाबाई म्हणाली. "कोण गेलं, भामाबाई?"

"माझा लेक गेला गं."

आशाबाईनं तबस्सुमकडं बघितलं. हिला लेक कुठला? डोक्यावर परिणाम तर नाही झाला?

"कधी गेला?"

"चौतीस वर्षं झाली," भामाबाई म्हणाली. "दहा मिन्टांचं काम व्हतं गं आशाबाई. दहा मिन्टांचं. म्यां तीन दिवस नुसता कापूस बदलत बसले."

आशाबाईनं कणकेचे हात पदराला पुसले आणि ती भिंतीला टेकून बसली. तबस्सुमनं दार पुढं लोटलं, पोराला मांडीवर घेतलं आणि भामाबाईच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "कैसा दिखता था, मौसी?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही.

"काळासावळा," भामाबाई हुंदके देत म्हणाली. "केस लई व्हते. कानावर सुदिक केस व्हते त्याच्या. बोट दिलं की घट्ट धरायचा, सोडायचा नाय." आणि मग ती सांगत राहिली, सहा दिवसांचं जेवढं होतं तेवढं सगळं.

त्या संध्याकाळी भामाबाईच्या घरी चूल पेटली नाही. सुतकाच्या घरी द्यायचं तसं आशाबाईनं पिठलं-भाकरी आणून दिली, आणि दोघींनी मिळून तिला चार घास खायला लावले.